‘येईल’ न म्हणणाऱ्या सखूबाई

सखूबाईंना मी कामावर घेतलं ते त्यांचे दंड बघून. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला तेवढंच दिसलं होतं. आमचं मुलींचं बालगृह क्रांती चौकाच्या मागच्या एका गल्लीत होतं. मुली चाळीस आणि त्यांना सांभाळायला चार माणसं: अधीक्षिका म्हणून मी, काळजीवाहिका सारजाबाई, स्वयंपाकाला लक्ष्मीबाई आणि फाटकावर कारभारी. एखादी मुलगी बिथरली, ताटं भिरकावायला लागली, डोकं आपटायला लागली की तिला धरून ठेवायला दणकट बाई हवी, असा माझा हिशेब. सखूबाई पिशोरच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, नवरा वारल्यावर शहरात आलेल्या. उंचीला माझ्यापेक्षा वीतभर जास्त. मी एकच प्रश्न विचारला, मुलगी अंगावर धावून आली तर धराल का? त्या म्हणाल्या, बघू. मी त्याला होकार समजले. पुढं एकोणीस वर्षं त्या आमच्याकडं होत्या आणि तेवढ्या काळात त्यांनी एकाही मुलीला धरलं नाही.

पहिल्या महिन्यातच मी वैतागले होते. एका मुलीनं कपाट लोटून पाडलं तेव्हा सारजाबाई तिच्या मागं धावल्या, मी ओरडले, आणि सखूबाई दाराजवळ चक्क खाली बसल्या. मांडी घालून, मुलीकडं तोंडसुद्धा न करता. मी त्यांना नंतर ऑफिसात बोलावून चांगलंच झाडलं. माझा आवाज मुळातच मोठा. आमचे हे म्हणायचे, तू कानात काही सांगितलंस तर फुलंब्रीपर्यंत बातमी जाते. सखूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, तुमी आता माझ्यावर वरडलात. मला एक तरी शब्द ध्यानात ऱ्हायला आसंल का?” मी म्हटलं, जा कामाला. 

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर आवडाचं प्रकरण झालं. आवडा तेव्हा तेरा वर्षांची, तिची धाकटी बहीण सरू सात वर्षांची. फुलंब्रीकडच्या एका खेड्यातल्या. बाप गेलेला, आईनं दोघींना वर्षभरासाठी म्हणून आमच्याकडं ठेवलं होतं. सरूची वेणी आवडाच घालायची, तिच्या भाकरीचा पापुद्रा आवडाच काढून द्यायची. एरवी ही मुलगी इतकी शहाणी की मी बाहेरच्या पाहुण्यांना तिलाच दाखवायची. आणि मधूनच एखादा दिवस असा यायचा की ती ओळखू येत नसे. त्या दिवशी कुणीतरी सरूचा कंगवा घेतला, एवढंच निमित्त. आवडानं पाट उचलून खिडकीवर मारला. सारजाबाई तिला धरायला गेल्या, काच त्यांच्या मनगटात घुसली. चार टाके पडले.

प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं गेलं. समितीचे प्रमुख काकासाहेब, निवृत्त मास्तर, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, कर्मचाऱ्यांना असे प्रसंग टाळण्याचं आणि हाताळण्याचं प्रशिक्षण द्यावं. दोन, तीन महिन्यांत आवडाच्या हातून पुन्हा कुणाला इजा झाली, तर तिला विदर्भातल्या मोठ्या मुलींच्या संस्थेत हलवावं. त्या संस्थेत बारा वर्षांखालची मुलगी घेत नसत. म्हणजे आवडा तिकडं आणि सरू इकडं. मी तो कागद आवडाला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि सरूचा फ्रॉक वाळला का ते बघायला निघून गेली. 

प्रशिक्षण द्यायचं कुणी? जिल्ह्याहून चाळीस पानांची एक पुस्तिका आली. मी शनिवारी दुपारी सगळ्यांना बसवून ती मोठ्यानं वाचायला घेतली. ‘वर्तनविषयक आपत्कालीन परिस्थितीचे पूर्वसंकेत’ इथपर्यंत पोचले तेव्हा कारभारी झोपला होता आणि लक्ष्मीबाई मेथी निवडत होत्या. सखूबाई उठून मध्ये आल्या. म्हणाल्या, “बाई, पुस्तक ऱ्हाऊ द्या. मी आवडा हाय आसं समजा. मला आत्ता राग आलाय. करा मला शांत.”

आम्ही हसलो. पण त्यांनी खरंच टेबलावरचा पाण्याचा तांब्या खाली आपटला आणि आमच्या अंगावर पाणी उडालं. मग काय विचारता. मी ओरडले, हे काय चाललंय? लक्ष्मीबाई पाण्याचा पेला घेऊन धावल्या आणि ‘पी माय, पी’ म्हणून तो तोंडाशीच नेऊ लागल्या. सारजाबाईंनी दंड धरला, ‘चांगल्या घरच्या मुली आसं करतात व्हय’ हे सुरू केलं. जागा झालेला कारभारी दारात आडवा उभा राहिला. आमच्याकडची ही रीतच आहे. कुणी रडलं, चिडलं, की सगळ्यांनी भोवती गोळा व्हायचं आणि सगळ्यांनी एकदम समजूत घालायची. जो लांब उभा राहील तो निर्दयी. मयतीला असंच, भांडणात असंच, नव्या सुनेच्या रुसव्यात असंच.

सखूबाई मध्ये उभ्या राहून एकेकाकडं बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, “चार मान्सं चार बाजूनं. चारी जणं बोलायलीत. दार बी बंद. आता मला जायला जागाच नाय. मी तुमाला चावले तर चूक कोणाची?” कुणी हसलं नाही. सारजाबाईंनी दंड सोडला आणि स्वतःच्या मनगटावरच्या पट्टीकडं बघत राहिल्या.

त्या दुपारपासून आमचं खरं प्रशिक्षण सुरू झालं. दर शनिवारी तासभर. सखूबाई कधी आवडा व्हायच्या, कधी दुसरी एखादी, आणि आम्हाला पुन्हा पुन्हा तेच करायला लावायच्या. एकानंच बोलायचं, आणि तेही ज्याच्याशी त्या मुलीचं जमतं त्यानंच. बाकीच्यांनी मदत करायची म्हणजे तिथून जायचं, इतर मुलींना गच्चीवर न्यायचं. दार उघडं ठेवायचं. आपण खाली बसायचं, हात तिला दिसतील असे ठेवायचे. ‘का केलंस’ हे तेव्हा विचारायचं नाही, कारण तेव्हा तिलाच ते ठाऊक नसतं. आणि सगळं निवल्यावर उपदेश करायचा नाही, आधी खायला द्यायचं. माझी तर दर शनिवारी फजिती. मला गप्प बसायला दोन मिनिटं दिली की दीड मिनिटात माझ्या तोंडून काहीतरी निघायचंच. सखूबाई म्हणायच्या, बाई, पुन्यांदा. मी अधीक्षिका, आणि माझीच मदतनीस मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावते. पण मी करायची. आवडाला जाऊ द्यायचं नव्हतं.

मी पुस्तिका नंतर एकटीनं वाचून काढली. त्यातही थोड्याफार फरकानं हेच लिहिलेलं होतं. एक वाक्य मी खूण करून ठेवलं: प्रसंग घडण्याआधी काय घडलं ते पाहा. मी सखूबाईंना ते दाखवायला गेले तर त्या म्हणाल्या की आवडाचं त्यांनी केव्हाच पाहून ठेवलंय. आवडा चिडते ती सोमवारी. तोही साधा सोमवार नाही, भेटीच्या रविवारनंतरचा. आमच्याकडं दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मुलींचे नातेवाईक भेटायला यायचे. त्या दिवशी आवडा सरूला न्हाऊ घालायची, दोघी धुतलेले कपडे घालून फाटकाजवळच्या बाकावर दिवसभर बसायच्या. संध्याकाळी उठून आत यायच्या. रविवारी आवडा काही बोलायची नाही. सोमवारी कुणीतरी कंगवा घ्यायचं.

आणि दोघी आत आल्या की आम्ही सगळे काय म्हणायचो? येईल गं, गाडी चुकली असेल. येईल, शेतात काम निघालं असेल. कारभारी म्हणायचा, लक्ष्मीबाई म्हणायच्या, आणि सगळ्यांत ठासून मी म्हणायची. दिवाळीला ती आली नाही तेव्हा मी आवडाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, संक्रांतीच्या भेटीला नक्की येईल बघ, तिळगूळ घेऊन.

सखूबाईंनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि विचारलं, “बाई, खरं सांगा. आई येनार हाय का नाय?”

माझ्या टेबलाच्या खणात श्रावणात आलेलं एक पत्र होतं. मुलींच्या मामाचं. बहिणीनं दुसरं घर केलंय, त्या घरी या दोघींबद्दल सांगितलेलं नाही, तरी आपण इकडं पत्र पाठवू नये आणि मुलींना आपल्याकडंच मोठं करावं, ही विनंती. पाच ओळींचं पत्र. मी ते कुणालाच दाखवलं नव्हतं. स्वतःशी म्हणत होते, मुली लहान आहेत, थोड्या मोठ्या होऊ देत. खरं कारण असं की ते सांगताना आवडाचं तोंड मला बघवलं नसतं. मी सखूबाईंना पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं आता त्या मला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

 पण त्यांनी स्वतःचंच सांगितलं. त्यांच्याकडं दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायची, ती मृगाच्या तोंडाला घरी परतायची. सात महिने. अंगावरचं पोर बरोबर न्यायचं, त्याहून मोठं घरी म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवायचं. ते रडू नये म्हणून पहाटे, ते झोपेत असताना निघायचं. आणि जागं झालंच, तर ‘उद्या येते’ म्हणायचं. त्यांची आई तसंच म्हणायची, सासू तसंच म्हणायची. सगळ्याच बाया म्हणायच्या, त्यात खोटं बोलतो असं कुणाला वाटायचं नाही. सखूबाईंचा थोरला मल्हारी पाच वर्षांचा होता त्या साली तो नेमका जागा झाला. त्यांनी त्याला थोपटलं, ‘उद्या येते’ म्हणाल्या आणि निघाल्या.

“मृगात परत आले,” त्या म्हणाल्या, “तर पोरगं माझ्याजवळ येईना. रडंना बी. मी जेवाय बस म्हनलं की बसायचं, झोप म्हनलं की झोपायचं. मामंजींनी सांगितलं, ते म्हयनाभर रोज पहाटं वाटंवर जाऊन बसायचं. मंग एक दिवस जायचं थांबलं. आज त्याला लेकरं हायेत. मला पैसे धाडतो, दवाखान्यात नेतो, लई चांगला हाय. पन मी काय बी म्हनले ना, उद्या येते, परवा येते, तो व्हय म्हनतो अन् खरं धरत नाय. सात म्हयने म्हनले आस्ते तर रडलं आस्तं अन् सात म्हयने मोजले आस्ते. त्यानं रडू नाय म्हनून मी त्याला मोजूच दिलं नाय.”

एवढं लांब बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फार क्वचित ऐकलं. मी विचारलं, मग आवडाला तुम्ही सांगाल का? त्यांनी सरळ नाही म्हटलं. ‘येईल’ ज्यानं म्हटलं त्यानंच ‘येणार नाही’ म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय संक्रांतीच्या भेटीचा रविवार चार दिवसांवर आला होता. दोघींनी बाकावर बसायच्या आधी सांगायला हवं होतं. समितीनं दिलेल्या तीन महिन्यांतला एक अजून बाकी होता. मी म्हटलं, तिनं काही केलं आणि कुणाला लागलं तर? सखूबाई म्हणाल्या, मंग आपन शनवारी काय शिकलो?

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आवडाला ऑफिसात बोलावलं. टेबलावरची काच आणि पेपरवेट सखूबाईंनी आधीच आत ठेवून दिले होते. दार उघडं होतं. सारजाबाई बाकीच्या मुलींना आणि सरूला घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. सखूबाई बाहेर पायरीवर, आतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मी खाली सतरंजीवर बसले, आवडाही बसली. मी पत्र वाचून दाखवलं. पाचही ओळी, एकही न गाळता. मग म्हणाले, “आवडा, आई उद्या येणार नाही. पुढंही येईल असं मला वाटत नाही. मी संक्रांतीला येईल म्हणाले, ते खोटं होतं. मला माहीत होतं.”

ती आधी हसली. मग उठली आणि खुर्चीला लाथ मारली. फायली ओढून खाली टाकल्या, एकेक फाडली. माझ्या चहाचा पेला भिंतीवर फुटला. मला तिनं जे शब्द वापरले ते इथं लिहीत नाही, ते सगळे मला लागू होते. माझ्या जिभेवर किती वाक्यं आली म्हणून सांगू! तुझ्यासाठीच लपवलं गं. आम्ही आहोत ना. असं करू नये, तुला पाठवून देतील. एकेक वाक्य मी गिळलं. पुढं होऊन तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, तेही केलं नाही, कारण ती दोन वेळा माझ्याजवळ आली आणि दोन्ही वेळा माझे हात धरायला येतायत का ते बघून मागं फिरली. लक्ष्मीबाई आवाज ऐकून पाण्याचा पेला घेऊन निघाल्याच होत्या. सखूबाईंनी पायरीवरूनच मान हलवली आणि त्या परत स्वयंपाकघरात गेल्या. नंतर लक्ष्मीबाईंनी सांगितलं, मी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

घड्याळात पाऊण तास झाला होता. आवडा कपाटाला पाठ लावून बसली. मग तिनं विचारलं, “तुमाला कधी कळलं?”

“श्रावणात.”

ती बोटांवर महिने मोजायला लागली. पाच मोजून झाले आणि तिला रडू फुटलं. ती तशी रडताना मी आधी कधी पाहिली नव्हती. मी थोडी सरकून तिच्या बाजूला बसले, तिनं बसू दिलं.

रडणं ओसरल्यावर म्हणाली, “सरूला कोन सांगनार?”

मी म्हटलं, मी सांगते.

“नको,” ती म्हणाली. “तुमी परत येईल म्हनाल. मीच सांगते.”

मला आयुष्यात कुणी इतकं खरं बोललं नाही, आणि ते मी त्या तेरा वर्षांच्या पोरीकडून ऐकून घेतलं. ती तोंड धुऊन गच्चीवर गेली; सरूला वरच ठेवून सारजाबाई बाकीच्या मुलींना खाली घेऊन आल्या. सखूबाई तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. आम्ही बाकीच्या वर जायला निघालो तर त्यांनी जिन्यात हात आडवा लावला. वरून थोड्या वेळानं सरूच्या रडण्याचा आवाज आला, आणि आवडाचा हळू, सारखा काहीतरी सांगत राहण्याचा. आम्ही चौघी खाली उभ्या होतो. समजूत घालायला कुणी वर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी बाकावर बसल्या नाहीत. सोमवारी शाळेत गेल्या.

मी समितीला सगळं लिहून दिलं. फाडलेल्या फायली, फुटलेला पेला, पत्र आणि माझं खोटं, सगळं. काकासाहेबांनी विचारलं, इजा कुणाला? मी म्हटलं, कुणालाच नाही. मग चूक कुणाची? मी म्हटलं, माझी. त्यांनी मला समज दिली, ती लेखी दिली, आणि त्याच कागदावर खाली लिहिलं की दोन्ही बहिणी एकत्रच राहतील. तो कागद मी आवडाला वाचून दाखवला तेव्हा तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. पुढची दोन वर्षं माझं प्रत्येक बोलणं ती असंच तपासून घ्यायची. मग हळूहळू तपासायची थांबली. केव्हा थांबली ते मला सांगता येणार नाही.

पुढं आसपासच्या संस्थांमधून माणसं सखूबाईंकडं शिकायला यायला लागली. बी.ए., एम.ए. झालेल्या मुली वह्या घेऊन यायच्या आणि सखूबाई त्यांच्यापुढं तांब्या आपटायच्या. मग त्या मल्हारीचं सांगायच्या आणि सांगून झालं की माझ्याकडं बघायच्या. मी उठायची आणि माझं पत्राचं सांगायची. अधीक्षिका म्हणून मला ते जड जायचं, पण त्यांनी एकदाही सूट दिली नाही. सारजाबाई मागं बसून गालात हसायच्या.

सखूबाईंच्या शेवटच्या वर्गात एक नवी काळजीवाहिका होती. तिनं सगळं उतरून घेतलं आणि शेवटी अडचण काढली. मूल विचारतं, आई येईल का? आपल्याला तर खरंच माहीत नसतं. ‘येईल’ म्हणायचं नाही, ‘येणार नाही’ असंही म्हणता येत नाही. मग म्हणायचं काय?

“म्हाईत नाय म्हनायचं,” सखूबाई म्हणाल्या, “अन् तिथंच बसून ऱ्हायचं.”

मुलीनं ते लिहून घेतलं आणि वाट बघत राहिली, त्या आणखी काही सांगतील म्हणून. त्यांनी काही सांगितलं नाही. मीही गप्प बसले.